पाठ टेकण्यापुरती खोली: चिखली ते भोरगिरी

परत आल्यावर शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "एवढी खटपट करून गेलात कुठं, तर भोरगिरीला?" प्रश्न बरोबर आहे. चाकणजवळच्या चिखलीतून सकाळी निघालेला माणूस भीमाशंकरच्या जंगलापाशी असलेलं भोरगिरी बघून संध्याकाळी घरी चहाला परत येऊ शकतो. आम्ही त्याच रस्त्यावर मुक्काम करत गेलो, आणि त्याआधी जवळजवळ वर्षभर एक गाडी बांधत बसलो. ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही, आणि ज्यांच्या घरात कुणीतरी बरेच दिवस पलंगाला खिळलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

चिखली

माझे यजमान विलास चाकणच्या कंपन्यांची बस चालवायचे. पहाटेच्या शिफ्टची माणसं सोडायची, रात्रपाळीची आणायची, मधल्या वेळात बसमध्येच डुलकी काढायची. या नोकरीने घर उभं केलं आणि पाठ मोडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बसायचं कमी, आडवं व्हायचं जास्त. चालता येतं, उभं राहता येतं, पण बसलं की थोड्याच वेळात कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते आणि मग पाठ टेकल्याशिवाय ती सुटत नाही.

ज्या माणसाने सगळं आयुष्य सीटवर काढलं त्याला बसता येऊ नये, याच्यासारखं वाईट काही नाही. लग्नकार्याला जाणं बंद झालं. नातेवाईकांकडे गेलं तर पहिल्या चहालाच "मी जरा पडतो" म्हणायची पाळी, आणि ती विलासना नको वाटायची. हळूहळू ते खिडकीजवळच्या पलंगावर राहायला लागले. बोलणंही कमी झालं.

त्यांना व्यायामाला घेऊन जायचे तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाईलवर काहीबाही बघायची. त्यात एकदा परदेशातलं एक म्हातारं जोडपं दिसलं. त्यांच्या मोटारीमागे एक छोटी गाडी जोडलेली, पुढून गोल आणि मागे उतरत गेलेली, पाण्याच्या थेंबासारखी. आत फक्त झोपायला जागा. मागचं झाकण उचललं की ओटा आणि शेगडी. मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. हॉटेल नको, जिना नको, कुणाकडे "पडू का" म्हणून विचारणं नको. कुठेही थांबा आणि पाठ टेका.

मी स्वतः चाकणला एका कारखान्यात पार्ट तपासायच्या कामावर आहे. मोजमापाची भीती नाही. पण पत्रा वाकवणं माझं काम नव्हे. आमच्या गल्लीच्या टोकाला रफिकभाईंची शेड आहे, ते टेम्पोच्या बॉड्या बांधतात. त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

"भाभी, हे तर अंडं आहे. मी तुम्हाला सरळ चौकोनी डबा बांधून देतो. आत माणूस उभा राहील."

"उभं कुणाला राहायचंय, रफिकभाई? झोपायचंय."

ते हसले, आणि काम घेतलं.

मोशीतल्या एका मंडपवाल्याची जनरेटर ओढायची जुनी ट्रॉली मिळाली. चासी चांगली होती, कमानपाटे बदलले; ओढायला घरची जीप होतीच. मी घरी जमिनीवर दोरी आणि खडू घेऊन बाजूची गोलाई काढली, ती पुसली, परत काढली. मग प्लायवर उतरवून रफिकभाईंकडे दिली. आमची रोज भांडणं व्हायची. त्यांना बाहेरून मोर रंगवायचा होता, मला नको होता. मला दोन्ही बाजूंना दारं हवी होती, त्यांच्या मते त्यामुळे बॉडी कच्ची होणार होती. दारं झाली. मोरही झाला, पण छोटा, मागच्या झाकणावर.

विलास या सगळ्यात नव्हते. मी ताट घेऊन जायचे तेव्हा ते विचारायचे, "झालं का तुझं खेळणं?" एवढंच. एका दुपारी मात्र ते काठी घेऊन स्वतःहून शेडपर्यंत चालत आले, ट्रॉलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चाक लई पुढं हाय."

रफिकभाई म्हणाले, "जनरेटरला इथंच होतं, विलासभाऊ."

"जनरेटर मधोमध बसतो. तुमी मागं ओटा, शेगडी, पाण्याचा कॅन ठेवणार. नाक हलकं झालं की ही मागं डोलंल. हायवेला जीपसकट फिरंल."

रफिकभाईंनी वाद घातला, ट्रॉलीचं नाक हाताने उचलून बघितलं, परत वाद घातला आणि शेवटी चाक मागे घेतलं. त्या दिवसापासून शेडमध्ये एक खाट आली. विलास तिच्यावर आडवे पडून सूचना द्यायला लागले आणि रफिकभाईंना माझ्याशी भांडायला वेळ उरेना.

बॉडी तयार झाली तेव्हा रफिकभाईंनी नळी लावून वरून पाणी सोडलं. मी आत बसले होते. बाहेर सगळे खूश, आणि मागच्या बिजागरीतून धार थेट माझ्या मानेवर. रफिकभाई म्हणाले, "पावसात जातं कोण, भाभी?" पण दुसऱ्या दिवशी गेले तर सबंध झाकण काढून खाली ठेवलेलं, आणि ते कडेला रबरी पट्टी बसवत होते. माझ्याकडे बघितलंही नाही.

गाडीची तपासणी, कागद, मागचे दिवे हे सगळं रीतसर झालं. राहिली मी. जीप मला चालवता येत होती, पण मागे ट्रॉली जोडून उलटी घेणं हा प्रकारच वेगळा. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात मी जीप आणि ट्रॉली कोपरातून दुमडलेल्या हातासारखी अडकवून ठेवली. विलास कडेला सतरंजीवर उताणे पडलेले. तिथून ओरडले, "सुमन, स्टेअरिंग खालनं धर! ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात ने!" फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. झोपून शिकवणारा मास्तर त्यांनी पाहिला नव्हता.

चाकण

दिवाळी झाल्यावर निघालो. विलास पुढच्या सीटवर, पाठ जवळजवळ आडवी केलेली. मोशी सोडून हायवेला लागलो आणि शिफ्टच्या बसगाड्या शेजारून जायला लागल्या. एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने. विलासना ओळखणारे ड्रायव्हर होते. मला वाटलं, हे हात दाखवतील. त्यांनी टोपी चेहऱ्यावर ओढून घेतली.

चाकणच्या चौकाच्या अलीकडे एका गतिरोधकावर जीप उडाली, मागे खाडकन आवाज झाला आणि आरशात मोर वर उठलेला दिसला. झाकणाची कडी सुटली होती. थांबून मागे गेले तर आमचे कांदे-बटाटे रस्त्यावर घरंगळत चाललेले. आणि थांबलो कुठे, तर कांद्याच्या बाजाराजवळ. तिथे रस्त्यावर आधीच इतके कांदे पडलेले की आपले कुठले आणि बाजाराचे कुठले तेच कळेना.

पोती उतरवणारा एक हमाल कमरेवर हात ठेवून बघत होता. "ताई, कांदं विकायला आणलं का न्यायला?"

"खायला आणलेत हो दादा!"

तो हसत आला, आणखी दोघांना हाक मारली आणि तिघांनी मिळून माझी पिशवी भरून दिली. मी नेलेल्यापेक्षा जास्तच भरली. नको नको म्हटलं तर म्हणाला, "असू द्या. चाकणवरनं कांदा न घेता जाणार का?"

एव्हाना विलासची कळ सुरू झाली होती. ओठ दाबले की मला कळतं. ट्रॉलीचं दार उघडलं, ते आत सरकले आणि आडवे झाले. आजूबाजूला मालट्रकांची रांग, हॉर्न, धूळ, कांद्याचा उग्र वास, आणि त्याच्या मधोमध आमची खोली. खिडकीतून त्यांचे मोजे घातलेले पाय दिसत होते. ट्रकचे ड्रायव्हर येऊन वाकून बघायला लागले. एकाने हिंदीत विचारलं की आत पेशंट आहे का.

आतून विलासचा आवाज आला, "पेशंट न्हाई. प्रवासी."

मला बरं वाटलं. पण बरं वाटायला अजून वेळ होता.

चास

राजगुरुनगरला हायवे सोडून पश्चिमेला वळलं की कंपन्यांच्या पाट्या संपतात आणि आवाज एकदम कमी होतो. उसाचे तुकडे, मग गवताचे माळ, मग धरणाचं पाणी. चासच्या पुढे एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधाशी गाडी लावली. त्याने फक्त एवढंच सांगितलं की बाटल्या फोडू नका आणि कागद टाकू नका. आम्ही तसे दिसत नाही म्हटल्यावर तोच ओशाळला आणि घरातून ताकाचा तांब्या घेऊन आला.

ऊन उतरत होतं. पाण्यावर बगळे उतरत होते. मी झाकण उचलून शेगडी पेटवली, बाजरीच्या भाकरी टाकल्या, वांग्याचं भरीत केलं, त्यात चाकणचा कांदा बचकभर. मला वाटत होतं, हेच ते. ह्याच्यासाठीच सगळं केलं.

विलास आतून बाहेर आले नाहीत. ताट आत दिलं तर अर्धं परत आलं.

"उद्या घरी जाऊ," ते म्हणाले.

"फार दुखतंय का?"

"दुखणं नवं न्हाई." कूस वळवून म्हणाले, "इतकी वरसं मी लोकांना नेलं, सुमन. आता मला सामानासारखं लादून तू नेतीयास. रस्त्यानं पोरं हात करत होती. मी आडवा. बघवंना मला."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. वर्षभर सुट्टीचे दिवस मी त्या शेडमध्ये काढले होते. हाताला प्लायच्या कुसळांचे व्रण होते. मी म्हणाले, "मग मी काय एकटीनं फिरू? मला तुमच्याबरोबर जायचं होतं. तुम्ही उभे, आडवे, वाकडे, कसेही. मला बरोबर कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी तुम्ही होता." एवढं बोलून मी पाण्याकाठी जाऊन भांडी घासत बसले. घासून झालेली भांडीही परत घासली.

परत आले तर ते दाराशी उभे होते, ट्रॉलीला टेकून. म्हणाले, "भरीत उरलंय का?"

आत आम्ही दोघं शेजारी शेजारी झोपलो. घरी त्यांच्या पाठीसाठी कडक पलंग वेगळा आहे, मी खालच्या गादीवर असते. इथे एकच गादी, अंगाला अंग. गवतातले किडे ओरडत होते. "छत लई जवळ हाय," ते म्हणाले. "बसच्या केबिनसारखं." सकाळी मी उठले तेव्हा ते अजून झोपलेले होते. ऑपरेशननंतर माझ्याआधी त्यांना जाग आली नाही, असं झालं नव्हतं.

घरी जायचं नाव कुणीच काढलं नाही. चहा पिऊन जीप पश्चिमेला वळवली.

वाड्याच्या पुढे

वाडा गाव मागे पडलं आणि डोंगर जवळ आले. आमच्याकडे डोंगर म्हणजे इमारतींच्या फटीतून दिसणारी लांबची रेघ. इथे ते रस्त्यावरच येऊन उभे. खाचरांत भात कापून पेंढ्या रचलेल्या, उघड्या खळ्यांवर झोडणी चाललेली, हवेत नव्या पेंढ्याचा गोडसर वास. रस्ता मात्र बारीक होत चालला होता. डाव्या हाताला उतार, उजव्या हाताला कातळ.

एका वळणावर समोर एसटी आली.

ड्रायव्हरने काचेतून हात हलवला. त्याच्या मागे पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे माणसांनी भरलेली जीप. त्यांना मागे जाणं शक्यच नव्हतं. मागे जायचं होतं मला, ट्रॉली घेऊन, त्या वळणावरून, जिथे थोडी रुंद जागा मी नुकतीच मागे टाकली होती.

एसटीतली माणसं खिडक्यांतून बाहेर डोकावायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बाई हाय गाडीवर." मी पहिल्यांदा मागे घेतली तशी ट्रॉली उताराकडे वळली. ब्रेक दाबला.

विलासनी दार उघडलं. "थांब. मी उतरतो."

काठी सीटवरच ठेवून ते गेले. आरशात मला ते दिसले, वळणाच्या टोकाला, दोन पायांवर ताठ उभे. एक हात वर, दुसरा बाजूला. बसच्या डेपोत उभं राहून कुणाला तरी गाडी लावून देत असावेत तसे. "पुढं घे. सरळ कर. आता ये!" त्यांचा आवाज इतका मोठा मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. "येऊ दे, येऊ दे. हात उजवीकडं. थोडा. बास! सरळ. ये!"

मी स्टेअरिंग खालून धरलं आणि फक्त त्यांच्या हाताकडे बघितलं. उताराकडे नाही, बसकडे नाही. ट्रॉली वळली, कातळाला घासेल असं वाटलं, घासली नाही, आणि रुंद जागेत जाऊन उभी राहिली.

एसटी हळूहळू पुढे आली आणि विलासजवळ थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. पिकलेल्या मिशांचा माणूस होता.

"ड्रायव्हर का, भाऊ?"

"होतो."

"होतो कशाला? अजून हायेच की, राव," असं म्हणून त्याने गिअर टाकला. एसटी गेली, ट्रॅक्टर गेला, जीप गेली. जीपमधल्या एका बाईने मला हात केला.

विलास परत आले तेव्हा चेहरा घामाने डबडबलेला होता, दुखण्याने की कशाने कुणास ठाऊक. आत पडून राहिले बराच वेळ. मी पायरीवर बसून त्यांना पाणी दिलं. म्हणाले, "पहिल्यांदा जरा घाई केलीस. बाकी झकास." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या भाजीलासुद्धा त्यांनी झकास म्हटलेलं नाही.

भोरगिरी

रस्ता भोरगिरीत संपतो. पुढे डोंगर आणि भीमाशंकरचं जंगल. भीमा नदी इथे एवढीशी आहे की लहान मूल उडी मारून ओलांडेल. तीच पुढे चासला धरण भरते हे पटत नाही.

नदीकाठी सपाट जागा बघून थांबलो. गावात विचारायला गेले तर "ऱ्हावा की, जागा काय आमी उचलून न्हेणार हाय का?" असं उत्तर. आमच्या चिखलीत हल्ली कुणी अंगणात गाडी लावली तर आधी तक्रार होते. पूर्वी आम्हीही असंच म्हणायचो, असं विलास म्हणतात.

एका घरातून नवा तांदूळ घेतला. आमच्याकडे बाजरीची भाकरी हे जेवण आणि भात शेवटी घासभर. इथे भातच जेवण, नाचणीची भाकरी न्याहारीला. तांदूळ देणाऱ्या बाईने वर खुरासणीची काळी चटणी पानात बांधून दिली. बाजरी खाते म्हटल्यावर तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

दुपार कलताना डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी वाटेवरून आली. आमच्यासमोर थांबली, भारा खाली टाकला आणि कमरेवर हात देऊन ट्रॉलीकडे बघत राहिली. ठकूबाई तिचं नाव. सकाळपासून खळ्यावर झोडणीला होती.

"ह्यात निजता व्हय तुमी?"

"हो, मावशी."

"आन् चूल?"

मी मागचं झाकण उचललं. ती मोर बघून हसली, ओटा बघून तोंडाला पदर लावला. मग दारातून आत वाकली, गादीवर तळहात दाबून बघितला. "आगं बाय. कापसाची हाय." थोडा वेळ हात तसाच ठेवला आणि म्हणाली, "म्या बी पडून बगू का जरा? पाय पुसते."

विलास आत जाण्याच्या बेतातच होते. दारापाशी आले होते, मी बघितलं होतं. ते बाजूला झाले. "पडा की, मावशी."

तिने पदराने पाय पुसले, आत सरकली, हातपाय ताणले, छताकडे बघून काहीतरी पुटपुटली. आम्हाला वाटलं आता हसत उठेल. थोड्या वेळाने डोकावलं तर ती गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, केसांत भाताचं तूस, काळ्या भेगाळलेल्या टाचा दाराबाहेर आलेल्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कामं सगळी तिच्या शेजारीच, मागच्या ओट्यावर. तिची झोप मोडू नये म्हणून मी शेगडी उचलून नदीकडच्या एका उंच दगडाशी नेली, पिठलं टाकलं आणि पाणी संपल्याचं लक्षात आलं. "जरा ढवळता का?" असं म्हणून पळी विलासकडे दिली आणि हंडा घेऊन गावातल्या हापशाकडे गेले. हापशावर बायका होत्या. त्यांना ती चाकांवरची खोली कशी, कुणी बांधली, सगळं सांगावं लागलं. गप्पांत वेळ गेला. परत निघाले तेव्हा एकदम आठवलं की ह्यांना आडवं व्हायचं होतं आणि गादीवर तर म्हातारी आहे. मी पावलं उचलली.

ऊन डोंगराला टेकलं होतं. ठकूबाई तशीच झोपलेली. विलास त्या दगडावर बसले होते. पाठ सरळ, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात पळी. पिठलं केव्हाच झालं होतं, त्यांनी शेगडी बंद करून वर ताटली ठेवली होती, आणि ते नुसते बसून नदीकडे बघत होते.

मी लांबूनच विचारलं, "अहो, दुखतंय का फार? उठवू का तिला?"

त्यांनी पळी बोटासारखी ओठांशी नेली.

"हळू बोल," ते म्हणाले. "झोपलीय ती."

मी आवाज न करता हंडा खाली ठेवला.